नवा फ्रीज आणि एका अहोरात्रीचा धीर

नवी सायकल घरी आली, की तुम्ही तिच्यावर लगेच टांग मारता. नवा पंखा छताला लागला, की पहिले काम बटण दाबण्याचे! पण प्रयोगशाळेत नवा फ्रीज आला, तर त्याचे बटण दाबण्याआधी काही तास थांबावे लागते आणि त्यात मोलाची वस्तू ठेवण्याआधी आणखी एक अहोरात्र. हे थांबणे कशासाठी? फ्रीजबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत ‘अमुक करा, तमुक करू नका’ अशी भली मोठी यादी असते. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र तिच्यात बहुधा सापडत नाही. ते उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आहे. चला, आज आपण ते शोधून काढू.

त्यासाठी आधी एक गाव निवडू. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगाव बांध नावाचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या विस्तीर्ण तलावाच्या काठी ते वसले आहे. सभोवती डोंगर, दाट जंगल आणि धानाच्या बांध्या. १९७५ मध्ये येथील जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. गाव मोठे रमणीय. पण फ्रीजच्या दृष्टीने पाहिले, तर परीक्षाच! मे महिन्यात पूर्व विदर्भातला पारा ४३-४४ अंश सेल्सिअसवर सहज जातो, कधी ४५ अंशही गाठतो. मृगाच्या आगेमागे वादळे होतात, विजा कडाडतात आणि वीजपुरवठा मध्येच जातो नि येतो. यंत्र बिघडले, तर दुरुस्त करणारा माणूस दूरच्या शहरातून यावा लागतो.

अशा गावातील एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा दवाखान्याच्या प्रयोगशाळेसमोर एक नवा फ्रीज टेम्पोतून उतरला आहे, अशी कल्पना करा. तो नीट बसवायचा आणि सुरू करायचा आहे.

एवढी काळजी कशाला?

घरच्या फ्रीजमधले दूध नासले, तर ते फुटते, त्याला वास येतो. आपण ते फेकून देतो. प्रयोगशाळेतल्या फ्रीजमधल्या वस्तू इतक्या प्रामाणिक नसतात!

धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्याला साप चावला, तर त्याला प्रतिविष द्यावे लागते. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. त्याचा द्रवरूप प्रकार २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानात ठेवावा लागतो. बालकांना द्यायच्या बहुतेक लसींना दवाखान्यात हीच मर्यादा लागू असते. तापमान वर गेले, तर लसीची शक्ती हळूहळू कमी होते. शून्याखाली गेले, तर आणखी वाईट. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची लस किंवा काविळीच्या ‘ब’ प्रकारावरची लस एकदा गोठली, की तिच्यातील ॲल्युमिनिअमच्या क्षारांचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि लस निकामी होते. पुन्हा वितळल्यावर ती कुपी साध्या नजरेला पूर्वीसारखीच दिसते. टोचणारा टोचतो, बाळ रडते, आई निश्चिंत होते. पण संरक्षण मात्र मिळालेले नसते.

म्हणजे फ्रीज बिघडल्याचे आपल्याला कुणी ओरडून सांगत नाही. म्हणूनच तो बिघडू नये अशा रीतीने बसवायचा आणि तो ठीक चालतो आहे याचा पुरावा हाती आल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. पुढचे सर्व नियम या एका वाक्यातून निघतात.

उष्णतेचा पंप

आता एक गैरसमज दूर करू. फ्रीज ‘थंडी’ तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तलावाचे पाणी पाटाने खालच्या बांधीत आपोआप जाते. पण तेच पाणी चढावरच्या शेतात न्यायचे, तर पंप लागतो. उष्णतासुद्धा गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे आपोआप वाहते. तिला उलट दिशेने, थंड पेटीतून गरम खोलीत न्यायचे, तर पंप हवा. फ्रीज हा असा उष्णतेचा पंप आहे.

हे काम तो कसे करतो? तळहातावर स्पिरिटचे दोन थेंब टाका. गार वाटते ना? स्पिरिटची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता तळहातातून घेतली जाते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. फ्रीजच्या नळ्यांमध्ये सहज वाफ होणारा एक पदार्थ भरलेला असतो. त्याला शीतक म्हणतात. द्रवरूप शीतक एका केसासारख्या बारीक नळीतून आतल्या रुंद नळ्यांमध्ये येते. तेथे दाब कमी असल्याने त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते फ्रीजच्या आतून घेते. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबल्याने ती तापते, खोलीतल्या हवेपेक्षाही गरम होते. मग मागच्या जाळीच्या नळ्यांतून जाताना आपली उष्णता हवेला देऊन ती पुन्हा द्रवरूप होते. हे चक्र अखंड चालू राहते.

एवढे समजले, की माहितीपुस्तिकेतली यादी आपोआप उलगडू लागते.

आधी उभा राहू द्या

आपला फ्रीज नागपूरहून भंडारा-साकोलीमार्गे टेम्पोतून आला. वाटेत धक्के बसले. कदाचित कुणी तो आडवाही ठेवला असेल. कॉम्प्रेसरच्या काळ्या डब्याच्या तळाशी वंगणाचे तेल असते. फ्रीज आडवा झाला, की हे तेल नळ्यांमध्ये ओघळते. अशा वेळी लगेच बटण दाबले तर काय होईल? कॉम्प्रेसर हा वायू दाबण्यासाठी बनवलेला असतो. वायू दबतो, द्रव जवळजवळ दबत नाही. इंजेक्शनच्या रिकाम्या पिचकारीचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा, तो बराच आत जाईल. आता पिचकारीत पाणी भरून तोच प्रयत्न करा, दट्ट्या हलणार नाही. कॉम्प्रेसरच्या दट्ट्यासमोर तेल आले, तर त्याच्या झडपा तुटू शकतात. शिवाय तळाशी तेल उरले नसेल, तर यंत्र कोरडे घासते.

म्हणून फ्रीज सरळ उभा आणला असेल, तर चार-पाच तास आणि आडवा आणला असेल, तर पुरता एक दिवस तो नुसता उभा ठेवावा. पुस्तिकेत याहून जास्त वेळ सांगितला असेल, तर तोच पाळावा. तेल आपल्या वजनाने सावकाश खाली उतरते. त्याला घाई माहीत नाही. आपणही करू नये.

जागा कोणती?

फ्रीज जी उष्णता बाहेर टाकतो, ती वाहून न्यायला हवा लागते. मागची जाळी भिंतीला चिकटली, तर तापलेली हवा तेथेच कोंडते. म्हणून मागे आणि बाजूंना निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी. काही नव्या फ्रीजना मागे जाळी दिसत नाही. ती बाजूच्या पत्र्याआड दडवलेली असते. अशा फ्रीजच्या बाजू चालू असताना हाताला गरम लागतात. तो बिघाड नव्हे. आतली उष्णता बाहेर पडत असल्याची ती खूण आहे.

ऊन येणारी खिडकी, ऑटोक्लेव्ह, ओव्हन आणि बर्नर यांच्यापासून फ्रीज दूर हवा. किती फरक पडतो? छोटा हिशेब करू. आत ५ अंश आणि बाहेर ३० अंश असताना उष्णतेला २५ अंशांचा चढ चढवावा लागतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४५ अंश झाले, तर चढ ४० अंशांचा होतो, म्हणजे १.६ पट. फ्रीजच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णताही तापमानातील फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तीही १.६ पट. उष्णता १.६ पट आणि चढही १.६ पट! म्हणजे निव्वळ आदर्श यंत्रालाही १.६ गुणिले १.६, सुमारे अडीच पट काम करावे लागेल. खरे यंत्र तर याहून जास्त धापा टाकील.

यासाठी फ्रीज विकत घेतानाच त्याच्या पाठीवरची पट्टी वाचावी. तिच्यावर हवामानाचा वर्ग दिलेला असतो. ‘एन’ वर्गाचा फ्रीज बाहेरच्या ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ वर्गाचा ३८ अंशांपर्यंत आणि ‘टी’ वर्गाचा ४३ अंशांपर्यंत नीट चालेल, असे गृहीत धरलेले असते. नवेगाव बांधच्या उन्हाळ्याला ‘एन’ वर्गाचा फ्रीज कसा पुरणार? ‘टी’ वर्गाचा घेतला, तरीही त्याला इमारतीतली सर्वांत थंड, सावलीची खोली द्यावी लागेल.

जमीन सपाट आहे की नाही, हे पाहायला फ्रीजच्या माथ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेली बशी ठेवा. पाणी ज्या बाजूला सांडेल, ती बाजू खाली आहे. त्याप्रमाणे फ्रीजचे पाय फिरवून तो समपातळीत आणावा. मग दाराच्या रबरी पट्टीची परीक्षा. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती घट्ट धरली गेली, तर ठीक. सहज निसटली, तर त्या फटीतून दमट हवा आत जाणार, बर्फाचे थर साचणार आणि कॉम्प्रेसरला विश्रांती मिळणार नाही. दाराच्या चारही बाजूंनी ही परीक्षा घ्या.

विजेचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न दाबाचा. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरलेला असतो. गावाच्या टोकाला, सगळीकडे कृषिपंप सुरू असताना, तो बराच खाली येऊ शकतो. समजा, तो १६० व्होल्ट झाला. फ्रीजमध्ये जी मोटार बहुधा असते, तिची फिरवण्याची ताकद विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १६० भागिले २३० म्हणजे सुमारे ०.७, त्याचा वर्ग ०.४९. ताकद निम्म्यावर आली! मोटार गुरगुरते, पण फिरत नाही. थांबलेली मोटार चालत्या मोटारीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते आणि तिची गुंडाळी तापत जाते. आतली संरक्षक कळ ‘टक्’ करून प्रवाह तोडते, पुन्हा जोडते, पुन्हा तोडते. असे वारंवार झाले, की एक दिवस गुंडाळी जळते. म्हणून दाब स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर हवा आणि प्रत्येक फ्रीजला स्वतंत्र हवा.

दुसरा प्रश्न वीज जाऊन लगेच येण्याचा. कॉम्प्रेसर थांबला, तेव्हा एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असतो. त्या केसासारख्या नळीतून दोन्ही दाब सारखे व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी वीज आली, तर मोटारीला त्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते आणि पुन्हा तोच गुरगुराट! चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये वीज आल्यावर काही मिनिटे थांबण्याची सोय असते. ती नसेल, तर वीज जाताच बटण बंद करावे आणि वीज आल्यावर पाच मिनिटांनी लावावे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अर्थिंगचा. तीन पिनांच्या प्लगमधली एक पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, हे तुम्ही पाहिले असेल. ती लांब असल्यामुळे प्लग घालताना सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. फ्रीजच्या आत एखादी तार सोलली जाऊन पत्र्याला टेकली, तर वीज या पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा स्वयंचलित कळ प्रवाह तोडते. अर्थिंग नसेल, तर ओल्या हाताने दार उघडणारा माणूसच विजेची वाट बनतो. शरीरातून ०.०३ अँपिअर एवढा प्रवाह काही क्षण गेला, तरी तो धोक्याचा असतो. म्हणून ०.०३ अँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारी संरक्षक कळ अर्थिंगच्या जोडीला बसवावी.

अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, ते माती ओलसर आणि विद्युत्-वाहक राहावी म्हणून. उन्हाळ्यात हा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरती उरते. त्यात अधूनमधून पाणी ओतावे. मित्रांनो, अर्थिंगची तपासणी आणि जोडणी हे परवानाधारक वायरमनचे काम आहे. तुम्ही ते स्वतः करू नका. पण ‘अर्थिंग तपासले का?’ हा प्रश्न मात्र जरूर विचारा. एका बोर्डातून वायर ओढून त्यावर फ्रीज, पंखा आणि हीटर लावणेही टाळावे. बारीक वायर तापते आणि तिच्यातच विजेचा दाब घटतो.

आइनस्टाइनचा फ्रीज

आता नळ्यांतल्या शीतकाकडे वळू. पूर्वी फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड हे विषारी वायू वापरत. १९२०-३० च्या दशकात बर्लिनमधील एक कुटुंब फ्रीजमधून गळलेल्या विषारी वायूने दगावले. ती बातमी वाचून आल्बर्ट आइनस्टाइन आणि त्यांचे तरुण सहकारी लिओ झिलार्ड यांनी हलते भाग नसलेला, म्हणून न गळणारा फ्रीज बनवण्याचा ध्यास घेतला, असे सांगतात. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंटही मिळाले. पण तोवर अमेरिकेत थॉमस मिजली यांनी बिनविषारी आणि न जळणारे फ्रिऑन वायू पुढे आणले होते. प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटले. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवून दिले, की हे वायू वर जाऊन ओझोनच्या थराचा नाश करू शकतात. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ते टप्प्याटप्प्याने बंद झाले.

आजच्या पुष्कळ लहान फ्रीजमध्ये आयसोब्यूटेन हा वायू असतो. पट्टीवर त्याची खूण ‘आर-६००ए’ अशी असते. तो विषारी नाही, ओझोनलाही धक्का लावत नाही. पण तो स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद आहे, म्हणजे जळतो. मग भ्यायचे का? हिशेब करून ठरवू. समजा, फ्रीजमध्ये ५० ग्रॅम आयसोब्यूटेन आहे. सगळे गळले, तर सुमारे २० लिटर वायू होईल. हवेत त्याचे प्रमाण १.८ टक्क्यांच्या वर गेले, तरच ते पेट घेऊ शकते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ३६,००० लिटर हवा असते. त्यात २० लिटर वायू सर्वत्र मिसळला, तर त्याचे प्रमाण ०.०६ टक्केही होत नाही. धोक्याच्या रेषेचा तिसावा हिस्सा. पण हाच फ्रीज भिंतीतल्या बंद कोनाड्यात किंवा लाकडी कपाटात कोंबला तर? हजार लिटर हवेत २० लिटर म्हणजे २ टक्के! शिवाय हा वायू हवेपेक्षा दुप्पट जड असल्यामुळे तो खाली साचतो. हवेशीर खोली ही चैनीची गोष्ट नाही, हे आता पटेल. साचलेला बर्फ चाकूने खरवडू नये, याचेही कारण हेच. टोक नळीत घुसले, की फ्रीजही गेला आणि वायूही बाहेर आला.

ईथरची बाटली

नवा फ्रीज आला, की प्रयोगशाळेतील प्रत्येकाला आपली बाटली त्यात ठेवावीशी वाटते. यांतली सर्वांत घातक बाटली ईथरची. जीवशास्त्राच्या प्रयोगात फळमाश्यांना बेशुद्ध करण्यासाठी ईथर वापरत आले आहेत. ते सुमारे ३४.६ अंशांना उकळते. म्हणजे नवेगाव बांधच्या उन्हाळ्यात ते बाटलीतच उकळू पाहील. साहजिकच मनात येते, फ्रीजमध्ये ठेवू या!

येथेच सापळा आहे. फ्रीजच्या थंडीतही ईथरची भरपूर वाफ होते. उणे ४५ अंशांपर्यंत थंड केले, तरी त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. हवेत सुमारे २ टक्के वाफ स्फोटाला पुरते. १६५ लिटरच्या फ्रीजमध्ये २ टक्के म्हणजे ३.३ लिटर वाफ. तेवढी वाफ किती ईथरपासून होते? फक्त १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे! बुचातून एवढे ईथर रात्रभरात सहज उडून जाईल. आणि ठिणगी? साध्या फ्रीजमध्ये ती आतच असते. तापमान राखणारी कळ उघडझाप करताना बारीक ठिणगी पडते. दिव्याच्या बटणातही पडते. सकाळी कुणीतरी दार उघडतो आणि बंद पेटीतला वायू भडकतो. साध्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या ज्वालाग्राही द्रवांमुळे जगभरच्या प्रयोगशाळांत असे स्फोट झालेले आहेत.

म्हणून ईथर, ॲसिटोन, पेट्रोल असे पदार्थ साध्या फ्रीजमध्ये कधीही ठेवू नयेत. त्यासाठी आत एकही ठिणगी पडणार नाही असे खास फ्रीज मिळतात. नव्या फ्रीजच्या दारावर पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत दोन ओळी लिहून लावा : ‘ज्वालाग्राही पदार्थ ठेवू नका. खाण्याचे पदार्थ ठेवू नका.’ दुसऱ्या ओळीचे कारण सांगायलाच नको. रसायनांच्या शेजारी ठेवलेला डबा कुणी खाऊ नये!

आता बटण दाबा, आणि मोजा

फ्रीज उभा राहून झाला, जागा ठरली, वीज तपासली. आता तो रिकामाच सुरू करायचा. पण त्याआधी तापमापकाची परीक्षा. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एका पेल्यात घ्या, ढवळा आणि तापमापक त्यात पाच मिनिटे धरा. तो शून्य दाखवतो का? १ अंश जास्त दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून १ वजा करायचा.

असे तीन तापमापक घ्या. तीन लहान बाटल्यांत पाणी भरून एकेक तापमापक त्यात बुडवा. बाटल्या वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर ठेवा. तापमापक नुसता हवेत का नको? दार उघडताच हवेचे तापमान झटकन वर जाते. बाटलीतले पाणी मात्र लसीच्या कुपीसारखे सावकाश बदलते. आपल्याला कुपीचे तापमान हवे आहे, हवेचे नाही.

आता २४ तास नोंदी करा. दिवसा दर तासाला, रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्याबरोबर. शेजारी खोलीचे तापमानही लिहा. मग आलेख काढा. सुरुवातीला रेषा खाली उतरत जाईल आणि पुढे एका पातळीच्या आसपास वरखाली होत राहील. तिन्ही फळ्यांचे आलेख सारखे नसतील. जेथे गारठा तयार होतो, त्या भागाजवळची बाटली शून्याच्या जवळ गेलेली आढळेल. ती जागा लसीसाठी वर्ज्य! भर दुपारी ८ अंशांची आणि पहाटे २ अंशांची मर्यादा ओलांडली जात नाही ना, तेही पाहा. ओलांडली, तर बटण अगदी थोडे फिरवा आणि पुन्हा काही तास थांबा. बटण घाईघाईने पुढेमागे करत राहिलात, तर काय कशामुळे झाले, हे कधीच कळणार नाही.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही सामान एकदम भरू नका. समजा, ४० अंशांच्या खोलीतले १० लिटर द्रव तुम्ही आत ठेवले. ते ५ अंशांवर आणायला सुमारे १,४६५ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागेल. फ्रीज सेकंदाला १०० ज्यूल जादा उष्णता काढू शकत असेल, तर या कामाला चार तास लागतील. तेवढा वेळ आधीच्या कुप्या उबेत राहतील. म्हणून थोडे थोडे ठेवा आणि कुप्यांमध्ये हवा खेळायला जागा सोडा.

बर्फाचा बांध

आणि वीजच गेली तर? येथे पुन्हा नवेगावचा तलाव मदतीला येतो. पाऊस रोज पडत नाही. म्हणून कोहळ्यांनी पूर्व विदर्भात गावोगावी तलाव आणि बोड्या बांधल्या. पाऊस दडी मारतो, तेव्हा साठवलेले पाणी धान जगवते. विजेच्या बाबतीतही असाच साठा करता येतो. लसींसाठी वापरतात त्या खास फ्रीजच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. वीज असताना ते गोठते. वीज गेली, की वितळता वितळता ते उष्णता शोषून घेते.

समजा, फ्रीजच्या भिंतींतून सेकंदाला ४० ज्यूल उष्णता आत झिरपते. आत २० लिटर पाण्याच्या बाटल्या असतील, तर ते पाणी ४ अंशांवरून ८ अंशांवर जायला सुमारे २ तास २० मिनिटे लागतील. आता २० किलोग्रॅम बर्फ घ्या. १ किलोग्रॅम बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो आणि तापमान शून्यावरच राहते. हा सारा बर्फ वितळायला ४६ तास लागतील! पाठ्यपुस्तकातली अप्रकट उष्णता म्हणजे काय, ते येथे कळते. १९८५ मध्ये भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लस तयार होते तेथून गावापर्यंत गारव्याची ही साखळी सांभाळली जात आहे. तिची देखभाल करणाऱ्यांना शिकवणारे राष्ट्रीय शीतसाखळी प्रशिक्षण केंद्र आपल्या पुण्यातच आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात करोनाची लस टोचायला सुरुवात झाली, तेव्हा हीच साखळी उपयोगी पडली. आणि या साखळीतला सर्वांत साधा नियम कोणता? फ्रीजचे तापमान रोज दोन वेळा, सकाळी आणि सायंकाळी, वहीत लिहायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

करून पाहा

तुमच्या घरी किंवा शेजारी फ्रीज असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून त्याची कागदी पट्टीची परीक्षा घ्या. मग पाण्याच्या बाटलीत तापमापक ठेवून एका दिवसाचा आलेख काढा. दार किती वेळा उघडले, तेही टिपून ठेवा. आलेखातले उंचवटे आणि दार उघडण्याच्या वेळा जुळतात का?

आणि जाता जाता एक कोडे. मे महिन्यातली दुपार आहे. खोलीची दारे-खिडक्या घट्ट लावल्या आणि खोली गार व्हावी म्हणून फ्रीजचे दार सताड उघडून ठेवले. दोन तासांनी खोली गार होईल, तशीच राहील, की आणखी तापेल? उत्तर कुणाला विचारू नका. मागच्या जाळीतून काय बाहेर पडते आणि मोटारीत खर्च होणारी वीज शेवटी कोठे जाते, एवढे आठवा.